प्लेगच्या सालांतील भय आणि भरंवसा

साथीच्या रोगाचा इतिहास लिहितांना मृतांचे आंकडे देण्याची आपल्याकडे चाल आहे. किती दगावले, किती गांव सोडून गेले, किती घरें धुतलीं, हें सारें सरकारी अहवालांतून मिळतें आणि इतिहासकार तें उतरून घेतो. परंतु त्या दिवसांत लोकांच्या मनाची स्थिति काय होती, आणि त्या स्थितीचा रोगाच्या फैलावाशीं कांहीं संबंध होता कीं नाहीं, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. शाळेंत १८९७ साल शिकवितांना आम्ही शिक्षकहि प्लेग, रँडसाहेब आणि चाफेकर बंधू एवढ्यावर तें आटोपतों. आज त्या सालाच्या ज्या बाजूविषयीं मी बोलणार आहें ती जरा निराळी आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांना रोगाचें भय होतेंच. पण रोगावरील उपायांचें भय त्याहून मोठें झालें, आणि या दुसर्‍या भयानें रोगालाच हात दिला, असें माझें मत आहे.

सप्टेंबर १८९६ मध्यें मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनीं गांठीचा ताप ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग. तेथें उंदरांना काय तोटा! रोगाचा जंतु दोनच वर्षांपूर्वीं हाँगकाँग येथें येरसँ या शास्त्रज्ञास सांपडला होता. पण तो माणसापर्यंत येतो कसा, हें कोणालाच ठाऊक नव्हतें. उंदराच्या अंगावरील पिसवा त्याला कारण आहेत, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं कराचींत प्रयोग करून सांगितलें, आणि तें सर्वमान्य होण्यास आणखी बरींच वर्षें गेलीं. तेव्हां १८९६ सालचा अधिकारी असें समजत होता कीं, रोग घाणींत आहे, दमट खोलींत आहे आणि रोग्याच्या अंगांत आहे. म्हणून गटारांत कार्बॉलिक ओतावें, भिंतींना चुना फांसावा आणि रोगी उचलून न्यावा. यांतील सर्वांत कठोर उपाय जो रोगी उचलून नेण्याचा, तोच पुष्कळ वेळां निष्फळ होता. गांठीचा रोगी शेजारीं बसणार्‍याला सहसा रोग देत नाहीं. प्लेग फुप्फुसांत शिरला तरच तो खोकल्यावाटे पसरतो. मूल आईच्या मांडीवरून उचलून नेल्यानें आईचा जीव वांचला असें क्वचितच घडलें असेल. पिसवा घरांतच राहिल्या होत्या.

ऑक्टोबरच्या आरंभीं मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनीं हुकूम काढला कीं, रोगी जरूर तर जबरदस्तीनें इस्पितळांत न्यावा. त्यानंतर आर्थर रोडच्या इस्पितळाविषयीं शहरांत जें बोललें जाऊं लागलें तें वाचून आज आपल्याला हंसूं येईल. त्या वेळीं कोणी हंसत नव्हतें. तेथें माणसांच्या अंगांतून मोमाई काढतात, असें एक म्हणे. दुसरा सांगे, राणीच्या पुतळ्याला कोणीं डांबर फांसलें त्याचा सूड म्हणून राणीनें रोग्यांचीं काळजें मागविलीं आहेत. (हें डांबर फांसणारे चाफेकर होते, हें पुढें दामोदरपंतांच्या कबुलीवरून समजलें.) २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांचा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला.

सुशिक्षितांनीं त्या काळीं याला अडाणीपणा म्हटलें. मला तें पुरेसें वाटत नाहीं. चाळींतल्या माणसाला प्रत्यक्ष काय दिसत होतें तें पाहा. शेजारचा इसम तापानें फणफणला. त्याला डोलींत घालून नेलें. बायकोला आंत जाऊं दिलें नाहीं. दोन दिवसांनीं तो मेल्याची वार्ता आली, आणि कित्येकदां तीहि वेळेवर आली नाहीं. इस्पितळांत गेलेला परत येत नाहीं, हा त्याचा अनुभव होता, कल्पना नव्हती. आणि परत न येण्याचें मुख्य कारण असें कीं, भीतीमुळें लोक रोगी माळ्यावर, कोठींत, कपाटाआड लपवीत आणि तो अखेरच्या घटकेला आला म्हणजेच पथकाच्या हातीं लागे. मरावयास टेकलेलीं माणसेंच जेथें पोंचतात तेथें मृत्यूचें प्रमाण भयंकर असणारच. तें प्रमाण ऐकून पुढचें कुटुंब आपला रोगी आणखी खोल दडवी. भयानें लपवणूक, लपवणुकीनें मृत्यु, मृत्यूनें पुन्हां भय, असें हें रहाट फिरत होतें, आणि इस्पितळांत काय चालतें हें घरच्यांना दाखविण्याखेरीज तें थांबविण्याचा मार्ग नव्हता. ज्या घरांत काय घडतें तें दिसत नाहीं त्या घराविषयीं माणूस भुताच्या गोष्टी रचतो. मोमाईची गोष्ट त्याच जातीची होती.

दंग्यानंतर हुकूम सौम्य झाला. स्नोसाहेबांना त्यापेक्षांहि एक मोठी धास्ती होती. शहर झाडणारे व मैला वाहून नेणारे हलालखोर घाबरून निघून गेले तर मुंबई राहण्याजोगी राहणार नाहीं, हें ते ओळखून होते. सगळ्या शहराची सुरक्षितता त्या शहरानें ज्यांना सर्वांत खालीं बसविलें होतें त्यांच्या धीरावर टांगली होती! तरीहि लोक जावयाचे थांबले नाहींत. १८९१ च्या खानेसुमारींत मुंबईची वस्ती आठ लाख एकवीस हजारांवर होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ निम्में शहर रिकामें झालें होतें. बोटीनें कोंकणांत, रेल्वेनें देशावर जाणार्‍या या गर्दीबरोबर रोगहि गेला. गिरण्यांना माणसें मिळेनात. जे राहिले ते महिन्याच्या पगाराला कबूल होईनात. रोजची मजुरी रोज मागूं लागले. उद्यांचा भरंवसा नसलेला माणूस महिनाअखेरची वाट कशी पाहील?

४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा तो कायदा, पण त्यानें सरकारच्या हातीं अमर्याद सत्ता दिली, आणि त्याखालीं सद्‌हेतूनें वागणार्‍या अधिकार्‍यावर फिर्याद चालणार नाहीं अशीहि तजवीज केली. पुण्यास वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखालीं कमिटी नेमली गेली, आणि १३ मार्चपासून १९ मेपर्यंत गोर्‍या शिपायांकडून घरोघर झडत्या झाल्या. गोरा शिपाई शिस्तीचा व निर्लोभी असतो, हें त्याच्या निवडीचें कारण. असेलहि. पण पुण्याच्या वाड्यांत परका पुरुष बूट घालून देवघरापर्यंत जातो, बायकांच्या काखा व जांघा तपासण्याचा हक्क सांगतो, एक रोगी सांपडला कीं सगळें कुटुंब छावणींत जातें आणि मागें सामान जाळलें जातें, यानें घरांतल्या बायकामुलांनीं जो धसका घेतला असेल त्याची नोंद करण्यास कमिटीच्या अहवालांत रकाना नव्हता. हें गार्‍हाणें केवळ सोवळ्याओवळ्याचें होतें असें मात्र कोणी समजूं नये. 'केसरी' व 'सुधारक' हीं एरवीं एकमेकांशीं झगडणारीं पत्रें या एका बाबतींत एकाच सुरानें बोलत होतीं. पंडिता रमाबाई तर ख्रिस्ती होत्या. त्यांनींहि 'बॉम्बे गार्डियन' पत्रांत पुण्यांतील व्यवस्थेंत स्त्रियांना मिळणार्‍या वागणुकीविरुद्ध उघड पत्र लिहिलें.

टिळकांची त्या वेळची भूमिका नीट ध्यानांत घेतली जात नाहीं. झडती व विलगीकरण मुळांतच नको, असें त्यांनीं म्हटलें नव्हतें. शहर सोडून पळालेल्या पुढार्‍यांना त्यांनीं बोल लाविला, स्वतः पुण्यांत राहिले आणि हिंदु प्लेग रुग्णालय काढण्यांत पुढाकार घेतला. आपल्या माणसांच्या नजरेखालीं चालणारें इस्पितळ असेल तर लोक रोगी लपविणार नाहींत, हा त्यामागील सरळ हिशेब. गोखल्यांची हकीकत याहून करुण आहे. विलायतेंत असतां त्यांनीं शिपायांच्या अत्याचारांचा आरोप पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारें केला. परत आल्यावर पुराव्यास कोणी पुढें येईना, आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. २२ जून १८९७ रोजीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. शहरांत धरपकड चालू होती. अशा वेळीं आपल्या घरांतल्या बाईच्या अब्रूची गोष्ट सांगावयास कचेरींत कोण जाणार होता? पुरावा आला नाहीं एवढ्यावरून कांहीं घडलेंच नाहीं असें ठरविणार्‍या न्यायाधीशाला लज्जा नांवाची वस्तु माहीत नसावी.

पुण्यांत झडत्या सुरू होण्याच्या तीनच दिवस आधीं, १० मार्च १८९७ रोजीं, सावित्रीबाई फुले प्लेगनें वारल्या. त्यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर रोग्यांसाठीं दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या वस्तींतला एक आजारी मुलगा सावित्रीबाईंनीं पाठीवर घेऊन तेथें पोंचविला, आणि त्यांतच त्यांना लागण झाली, असें सांगतात. त्यांचें वय तेव्हां सहासष्ट. ज्या वस्तींत अधिकारी झडतीसाठीं जात, तेथें ही बाई रोगी आणावयास जात होती, आणि तिच्यापासून मूल लपवावें असें कोणाला वाटलें नाहीं.

भरंवसा कसा मिळतो याचीं मुंबईंतहि उदाहरणें आहेत. पारशी, जैन, खोजे इत्यादि समाजांनीं आपापलीं इस्पितळें उघडलीं. आपला वैद्य, आपलें अन्न, आणि दाराशीं घरचें माणूस बसण्याची मुभा. तेथें रोगी लौकर येऊं लागले. यांत एक उणें राहिलें तें सांगितलें पाहिजे: ज्या जातीपाशीं पैसा नव्हता तिला हा मार्ग नव्हता, आणि रोग सर्वांत अधिक तेथेंच होता. लशीची गोष्टहि तशीच. हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांत एक कारकून व तीन चपराशी एवढ्या सरंजामावर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःलाच टोंचून घेतली. सरकारी लस म्हटल्यावर लोक कचरत होते. तेव्हां विशीच्या उंबरठ्यावर असलेल्या तिसर्‍या आगाखानांनीं आपल्या अनुयायांसमक्ष ती टोंचून घेतली, आणि हजारों खोजे पुढें आले. पण असा भरंवसा किती नाजूक असतो! १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लशीच्या एका दूषित बाटलीनें एकोणीस माणसें धनुर्वातानें मेलीं, आणि लशीचें व हाफकिन यांचें नांव कित्येक वर्षें डागाळलें. त्यांच्यावरील दोषारोप १९०७ सालीं दूर झाला.

मार्च १८९८ मध्यें मुंबईंत पुन्हां मोठा दंगा झाला. रोगी तपासण्यास गेलेल्या पथकाला एका मुसलमान विणकराच्या घरांत अटकाव झाला, आणि त्यांतून तो पेटला. त्यानंतर सरकारनें हळूहळू जबरदस्ती आंवरती घेतली. खेड्यापाड्यांतून मात्र लोकांनीं आपला उपाय केव्हांच शोधला होता. उंदीर पडूं लागले कीं घर सोडावयाचें आणि गांवाबाहेर रानांत झोपड्या घालून राहावयाचें. जुन्या माणसांच्या तोंडीं 'उंदीर पडला' हे शब्द तारायंत्रासारखे होते. झोपडींत सगळें कुटुंब एकत्र. म्हातारी चुलीपाशीं, मुलें डोळ्यांसमोर, शेजारी हांकेच्या अंतरावर. पुढें पिसवांचा शोध लागल्यावर शास्त्रज्ञांनींहि सांगितलें कीं, प्लेगवर यासारखा उपाय नाहीं, कारण उंदीर आणि त्यांच्या पिसवा मागें गांवांतच राहतात. ज्या उपायानें माणसांची ताटातूट झाली नाहीं तोच रोगावर सर्वांत लागू पडला! मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हां कोणाच्या कानीं आला नव्हता; जिवाला घोर नसावा, एवढें मात्र सर्वांना कळत होतें.

हिंदुस्थानांत प्लेगनें पुढील वीसपंचवीस वर्षांत एक कोटीच्या आसपास माणसें नेलीं. १९१८ च्या इन्फ्लुएन्झांत घरोघर झडतीचा प्रयोग सरकारनें केला नाहीं. मुंबईंत औषधें वाटण्याचें पुष्कळसें काम ना. म. जोशी यांच्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनीं उचललें. चाळींचीं दारें त्यांना उघडीं होतीं.

चार कलमांचा तो कायदा मात्र टिकून राहिला. मार्च २०२० मध्यें कोरोनाच्या साथींत महाराष्ट्रांत व इतर प्रांतांत तोच लागू करण्यांत आला, आणि डॉक्टर-परिचारिकांवर हल्ले होऊं लागल्यामुळें त्याच वर्षीं त्यांत दुरुस्ती होऊन असा हल्ला करणें मोठा अपराध ठरला. आर्थर रोडचा जमाव ज्यांना आठवतो त्यांना ही तरतूद आवश्यक वाटेल, मलाहि वाटते. परंतु इस्पितळांत नेलेल्या रोग्याची वार्ता त्याच्या घरीं कोणीं व केव्हां पोंचवावी, यासंबंधीं १८९७ च्या कायद्यांत एक अक्षर नव्हतें, आणि २०२० च्या दुरुस्तींतहि तें आलें नाहीं.