बेंजोचे गोत्र

‘यंदा बेंजो कुणाचा?’ असा प्रश्न लालबाग-परळच्या मंडळात निघतो, तेव्हा विचारणाऱ्याच्या मनात एकटे वाद्य क्वचितच असते. ढोल, ताशे, ऑक्टोपॅड, कर्णे आणि वाजवणारी दहा-बारा मंडळी असा सगळा ताफा त्या एका नावात मावतो. या ताफ्याच्या म्होरक्याच्या पुढ्यात जे असते, त्याचे अमेरिकन बँजोशी रूपाने काहीच नाते नाही. बँजो म्हणजे चामड्याने मढवलेले गोल कडे आणि त्याला लांब मान. आपला बेंजो म्हणजे लाकडाची चपटी पेटी, तिच्यावर ताणलेल्या तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारख्या कळा. मग एकाचे नाव दुसऱ्याला कसे चिकटले?

वाद्य जपानी आहे. गोरो मोरिता यांनी ते १९१२ साली नागोया शहरात घडवले. टाइपरायटरच्या कळांवरून त्यांना ही युक्ती सुचली, असे सांगतात. त्याच वर्षी जपानात ताइशो राजवट सुरू झाली आणि वाद्याचे नाव पडले ‘ताइशोगोतो’. उत्तरपद मुळात ‘कोतो’, म्हणजे जपानचे प्रसिद्ध तंतुवाद्य. समासात शिरताना ‘क’चा ‘ग’ झाला. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ करणाऱ्या आपल्या कानाला हे मृदू होणे ओळखीचे वाटते, जरी आपल्याकडे ते पूर्वपदाच्या शेवटी होते आणि जपानीत उत्तरपदाच्या आरंभी. हिंदुस्थानात या वाद्याला ‘बुलबुलतरंग’ असे देखणे नाव मिळाले. ‘बुलबुल’ फारसीतून आलेला, ‘तरंग’ शुद्ध संस्कृत, जलतरंग-काष्ठतरंगाच्या पंक्तीतला. आणि ज्याचे नाव ठेवायचे ते वाद्य जपानचे. नाव ठेवणारा मोठा रसिक असावा.

पण रस्त्यावर ‘बुलबुलतरंग’ टिकला नाही, ‘बेंजो’ टिकला. त्यातला ‘बें’ मला विचारात पाडतो. इंग्रजी ‘ॲ’ मराठीने ऐकला की जुन्या वळणात ‘या’ होतो: ब्यांड, ब्यांक. ते वळण इथे असते तर ‘ब्यांजो’ झाले असते. गुजराती मात्र हा स्वर ‘ए’च्या मात्रेने लिहिते. तेव्हा हा शब्द मुंबईत गुजराती पाटीवरून किंवा गुजराती व्यापाऱ्याच्या तोंडून पसरला असावा, असा माझा कयास आहे. दुसरा धागा कराचीचा. मकरान-बलुचिस्तानात हेच कळांचे वाद्य ‘बेंजू’ म्हणून नांदते आणि तिथल्या लोकसंगीतात त्याने मानाची जागा मिळवली आहे. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यात होता. एकाच इलाख्याच्या दोन बंदरांत एकाच जपानी वाद्याला जवळजवळ एकच नाव मिळावे, हा निव्वळ योगायोग दिसत नाही.

आता मूळ ‘बँजो’कडे वळू. हे वाद्य आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी अमेरिकेत घडवले. थॉमस जेफरसनच्या व्हर्जिनियावरील अठराव्या शतकातल्या पुस्तकात ते ‘बँजर’ या रूपात भेटते, कॅरिबियन बेटांवर ‘बान्झा’ या रूपात. अंगोलातील किंबुंडू भाषेतला ‘म्बान्झा’ हा त्याचा पूर्वज असावा, असे आज बहुतेक कोशकार मानतात. जुने मत निराळे होते. पोर्तुगीज ‘बांदुर्रा’ अपभ्रंश होऊन बँजो झाला, असे ते सांगे. अंगोलाच्या किनाऱ्यावर पोर्तुगीजांचीच सत्ता होती, हे लक्षात घेतले तर दोन्ही शब्द एकमेकांना भेटून घासले गेले असणेही अशक्य नाही.

या जुन्या मताचे बोट धरून मागे गेले की वाट फार रमणीय आहे. ‘बांदुर्रा’च्या मागे लॅटिन ‘पांडुरा’, तिच्या मागे ग्रीक ‘पांडोउरा’, आणि त्याही मागे सुमेरी ‘पान-तुर’, म्हणजे लहान धनुष्य, असा एक तर्क आहे. युक्रेनची ‘बांदुरा’ आणि जॉर्जियाची ‘पांडुरी’ याच कुळातल्या दिसतात. इटलीत ‘प’चा ‘म’ होऊन ‘मांडोला’ झाली आणि तिचे लाडके लघुरूप ‘मँडोलिन’. फारसी ‘तंबूर’ही याच घराण्यातला, अक्षरांची अदलाबदल झालेला भाऊबंद असावा, असे काही विद्वान सुचवतात. लिहिताना त्यात नून म्हणजे ‘न’, उच्चारताना मीम म्हणजे ‘म’. आपल्या अनुस्वाराने तो पेच न बोलता सोडवला. दहाव्या शतकात अल् फाराबीने बगदादी आणि खोरासानी अशा दोन तंबुरांचे वर्णन केले आहे. त्या तंबुराचा आपल्याकडे तंबोरा झाला आणि खाली भोपळा आला. इथे संस्कृत परंपरेने एक सुंदर व्युत्पत्ती पुढे केली: तुंबरू गंधर्वाचा तो तंबोरा. आपल्या कीर्तनातली नारद-तुंबरांची जोडी आणि भोपळ्याला संस्कृतात असलेला ‘तुंब’ हा शब्द, दोन्ही तिच्या मदतीला धावले. शास्त्राच्या कसोटीवर ती उतरणार नाही. पण परका शब्द घरात घेताना त्याला गोत्र बहाल करण्याची ही रीत मला अतिशय जिव्हाळ्याची वाटते.

गंमत पाहा. जुन्या बँजोचे पोटही भोपळ्याचेच असे. बलुची मैफलीत ‘बेंजू’ सूर छेडतो तेव्हा शेजारी ताल धरायला ‘दंबूरग’ असतो, म्हणजे तंबूरच. ते जुने मत खरे ठरले, तर दोन टोकांनी जग फिरून आलेले चुलतभाऊ तिथे एका सतरंजीवर बसलेले आहेत.

शब्द हिंडतात ते माणसांच्या आणि गाण्यांच्या मागे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डेव्ह कार्सनसारखे मिन्स्ट्रेल, म्हणजे तोंडाला काळे फासून गाणी-विनोद करणारे नट, मुंबईत खेळ करत, त्या खेळांबरोबर बँजोचे नाव कानावर आले असावे. १९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत जॅझ वाजवू लागले आणि गोव्याच्या वादकांनी ते आत्मसात केले. गोव्यात व्हायोलिनला ‘रेबेक’ म्हणत. तो शब्द पोर्तुगीज ‘राबेका’तून, ती अरबी ‘रबाबा’तून, तेच वाद्य घाटावर ‘फिडल’ झाले. गोव्याचा ट्रंपेटवादक चिक चॉकलेट आणि पुणतांब्याचे संगीतकार सी. रामचंद्र १९५१च्या ‘अलबेला’ चित्रपटात एकत्र आले, आणि जॅझचा ठेका मराठी घरांपर्यंत पोहोचला. पुढे १९६१च्या ‘कम सप्टेंबर’ची धून वरातीवाल्यांनी अशी उचलली की चित्रपट न पाहिलेल्यांनाही ती पाठ झाली. बेंजोवर ती कोळीगीताला जोडून येते, भीमगीताच्या आधी येते, आणि ढोलाच्या ठेक्यावर बसून दुसरीच चाल होऊन निघते.

अशा वादनाला परक्याची नक्कल म्हणणारे नेहमीच असतात. त्यांनी आपल्या मंगलवाद्यांची नावे तपासावीत. ‘सनई’ फारसी ‘शहनाई’ची लेक, तिच्यातला ‘नाई’ म्हणजे ‘नय’, पोकळ वेळू. सनईवाल्यांचा ‘ताफा’ अरबी ‘ताइफा’, म्हणजे जमात. त्या शब्दांना मुंज लागून शतके झाली; ‘बेंजो पार्टी’ला अजून शतकही झाले नाही. ‘पार्टी’ही ताफा, फड, मंडळी, मेळा यांच्याच ओळीत येऊन बसली आहे. जुनेपण आणि आपलेपण यांची आपण गल्लत करतो, असे मला ठामपणे वाटते. वाद्य आपले होते ते कोणी हाती धरले, कोणत्या दिवशी वाजवले आणि त्यावर कोण नाचले, यावरून.

म्हणून नव्या मराठी कोशात मी अशी नोंद मागेन: बेंजो, पु. १. कळांचे तंतुवाद्य, बुलबुलतरंग. २. हे वाद्य मुख्य असलेला वादकांचा ताफा. ३. त्या ताफ्याचे वादन. ‘रात्री बेंजो आहे’. व्युत्पत्ती इंग्रजी बँजो, बहुधा किंबुंडू म्बान्झा. पहिला अर्थ बाहेरून आलेल्या वस्तूचा आहे. दुसरा आणि तिसरा मुंबईच्या चाळींनी, कोळीवाड्यांनी आणि वस्त्यांनी स्वतः घडवला आहे.

एक दुरुस्ती मात्र आपल्या बोलण्यात हवी. सतार वाजवणारा सतारवादक, तबला वाजवणारा तबलावादक, आणि बेंजो वाजवणारा तेवढा ‘बेंजोवाला’. ‘वाला’ हा प्रत्यय संस्कृत ‘पाल’पासून आलेला दिसतो, त्यात मुळात हलके काही नाही, हलकेपणा आपल्या वापराने आला. कानाने ऐकून शेकडो चाली बोटांत ठेवणाऱ्या, स्वरलिपीचा कागद समोर नसताना मिरवणुकीच्या गर्दीत सूर न सोडणाऱ्या माणसाला ‘बेंजोवादक’ म्हणावे. भाषेला हे जड नाही; तिने याहून दूरचे पाहुणे घरचे केले आहेत.