तळटीप : ‘तलवार’ ही नौदलाची संदेशवहन-शाळा
‘तलवार’ हे समुद्रावरचे जहाज नव्हे, तर मुंबईत कुलाब्याला असलेली रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहन-शाळा होती. किनाऱ्यावरील तळांनाही जहाजांसारखी नावे देण्याच्या ब्रिटिश नौदलाच्या प्रथेमुळे हा घोटाळा वारंवार होतो. बिनतारी यंत्र चालवणे, मॉर्स संकेतांची टकटक कानांनी टिपून भराभर कागदावर उतरवणे, अशी कामे येथे ‘रेटिंग’ना, म्हणजे अधिकारीपदाखालच्या नौसैनिकांना, शिकवली जात. निकृष्ट अन्न आणि शाळेचे प्रमुख कमांडर किंग यांची अपमानास्पद भाषा यांमुळे संतापलेल्या या सैनिकांनी १८ फेब्रुवारी १९४६ रोजी संप पुकारला; तो कराचीपर्यंत इतक्या झपाट्याने पसरला याचे बरेचसे श्रेय याच प्रशिक्षणाला द्यावे लागते, कारण ठिकठिकाणची संदेशयंत्रे संपकऱ्यांच्याच हातांत होती.