१०१ सेकंद आणि कॉकपिटमधला तिसरा माणूस

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजच्या भागाची सुरुवात माझ्याच किंकाळीने होणार आहे.

मी घोडेगावचा. नगर-संभाजीनगर रस्त्यावरचं, कांद्याच्या बाजाराचं आणि शिंगणापूरला वळायच्या फाट्याचं गाव. कॉलेजात होतो तेव्हाची गोष्ट. अण्णा, म्हणजे माझे चुलते, आणि मी नगरला माल पोचवून रात्री रिकामी पिकअप घेऊन परत येत होतो. गाव जवळ आलं आणि गाडीचे दोन्ही हेडलाइट एकदम गेले. मिट्ट काळोख. मी जोरात ओरडलो. अण्णांनी ब्रेकवर पाय मारला नाही, स्टिअरिंगही झटकलं नाही. अॅक्सिलेटर सोडला आणि म्हणाले, "वरडू नको. खिडकीतून खाली बघ, पांढरी पट्टी दिसती का तेवढं सांगत राहा." मी सांगत राहिलो, "दिसती... दिसती... आता जवळ आली..." गाडी हळूहळू रस्त्याच्या कडेला थांबली.

मला कित्येक वर्षं वाटायचं, अण्णा धीराचे म्हणून वाचलो. पण आज जी विमानाची गोष्ट सांगणार आहे, ती वाचल्यावर मला त्या रात्रीतलं दुसरंच काहीतरी दिसलं.

तारीख १ जानेवारी १९७८. रविवार, नव्या वर्षाचा पहिला दिवस. मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावरून एअर इंडियाचं ८५५ क्रमांकाचं विमान रात्री सव्वाआठच्या सुमारास दुबईला निघालं. बोइंग ७४७, जंबो जेट. नाव 'एम्परर अशोक'. एअर इंडियाकडे आलेलं हे पहिलं जंबो, १९७१ सालचं. आत १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी.

कॉकपिटमध्ये तिघं होते. कॅप्टन मदन लाल कुकर, सुमारे १८ हजार तास उड्डाणाचा अनुभव. सहवैमानिक इंदू विरमाणी, आधी हवाई दलात होते. आणि मागच्या बाजूला फ्लाइट इंजिनिअर अल्फ्रेडो फारिया. म्हणजे नवखं कुणीच नव्हतं. हे लक्षात ठेवा.

विमान उडालं, समुद्रावर आलं आणि ठरल्याप्रमाणे उजवीकडे वळून पुन्हा सरळ झालं. इथे घात झाला. कॅप्टनच्या समोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं. हे यंत्र म्हणजे अर्धं आकाश, अर्धी जमीन दाखवणारी एक गोल तबकडी. विमान कोणत्या बाजूला कललंय ते त्यावर दिसतं. विमान सरळ झालं होतं, पण तबकडी अजून 'उजवीकडे कललेलं' असंच दाखवत होती.

तुम्ही म्हणाल, बाहेर बघायचं ना! पण बाहेर होती रात्र आणि खाली अरबी समुद्र. समुद्र काळा, आकाश काळं, मधली रेघच नाही. मग अंगाला जाणवतं त्यावर जावं का? तेही नाही. जत्रेतल्या चक्री पाळण्यात डोळे मिटून बसून बघा. पाळणा थांबतो तेव्हा उलट फिरल्यासारखं वाटतं की नाही? आपला तोल सांभाळणारं कानातलं द्रव असंच फसवतं. म्हणून वैमानिकाला पहिल्यापासून शिकवतात, अंगावर नाही, यंत्रावर विश्वास ठेव. आता यंत्रच खोटं बोलायला लागलं तर?

कॅप्टननी विचारलं, माझ्या यंत्राला काय झालं? सहवैमानिकाच्या समोर वेगळं यंत्र होतं आणि ते बहुधा बरोबर दाखवत होतं. पण त्यांच्या तोंडून जे उत्तर आलं त्याचे दोन अर्थ निघत होते. माझंही कलंडलंय, आणि ठीक दिसतंय, असं दोन्ही एकाच दमात. कॅप्टननी बहुधा पहिला अर्धा भाग धरला. दोन्ही तबकड्या उजवा कल दाखवतायत, म्हणजे विमान खरंच उजवीकडे कललंय, असं समजून त्यांनी विमान डावीकडे फिरवलं. सरळ विमान डावीकडे झुकत गेलं, नव्वद अंशांच्याही पुढे गेलं, आणि नाक खाली गेलं.

दोघांच्या मध्ये एक तिसरं, राखीव क्षितिज होतं. वळण दाखवणारं आणखी एक साधं यंत्रही होतं. फारियांनी कॅप्टनना त्यांच्यापैकी एकाकडे बघायला सांगितलं. पण तेव्हा हातात उरले होते जेमतेम पाच सेकंद. धावपट्टी सोडल्यापासून १०१ सेकंदांत विमान वांद्र्याच्या किनाऱ्यापासून साधारण तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळलं. २१३ पैकी एकही माणूस वाचला नाही.

आधी घातपाताचा संशय आला. मग समुद्रातून अवशेष आणि ब्लॅक बॉक्स काढले, आणि चौकशीचा निष्कर्ष आला: कॅप्टनचं यंत्र बिघडलं, विमान कोणत्या स्थितीत आहे हे त्यांना कळलं नाही, त्यांनी चुकीच्या दिशेने नियंत्रणं फिरवली, आणि बाकीच्या यंत्रांच्या आधाराने विमान सावरता आलं नाही. अमेरिकेत विमान आणि यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांवर दावा झाला. तो १९८६ मध्ये फेटाळला गेला.

आता यावर "कॅप्टन घाबरला" असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही, आणि कारण त्याच वर्षाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेतलं पोर्टलंड शहर, युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान. उतरताना चाकांच्या यंत्रणेत काहीतरी गडबड झाली. हा कॅप्टन अजिबात घाबरला नाही. शांतपणे शहरावर घिरट्या घालत जवळजवळ तासभर चाकांचा प्रश्न सोडवत राहिला. इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअरच्या लक्षात आलं होतं, त्याने तसं सुचवलंही, पण ठणकावून सांगितलं नाही. इंजिनं एकेक करून बंद पडली आणि विमान शहराच्या कडेला कोसळलं. दहा जण गेले.

आता दोन्ही गोष्टी शेजारी ठेवा. मुंबईत वेळ नव्हता, पोर्टलंडला भरपूर होता. मुंबईत गोंधळ होता, पोर्टलंडला शांतता होती. तरी दोन्हीकडे एक गोष्ट तशीच घडली. खरी माहिती कॉकपिटमध्ये होती, पण ती शेजारच्या माणसापाशी होती आणि कॅप्टनपर्यंत स्पष्ट शब्दांत, वेळेत पोचली नाही.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, अमेरिकेत नासाने याच विषयावर परिषद भरवली. त्यातून प्रशिक्षणाची नवी पद्धत पुढे आली, १९८१ मध्ये युनायटेडने ती आपल्याकडे सुरू केली, आणि आज जगभरच्या वैमानिकांना ती शिकावी लागते. त्यातला गाभा अगदी साधा. एकाने विमान सांभाळायचं, दुसऱ्याने बिघाड बघायचा. जे दिसतंय ते मोठ्याने बोलायचं. कनिष्ठाने गप्प बसायचं नाही, आणि वरिष्ठाने विचारायला लाजायचं नाही. यंत्रांत मतभेद झाला तर तिसरं यंत्र बघायचं.

याचा उपयोग होतो का? ११ सप्टेंबर २०१८. पुन्हा एअर इंडिया, दिल्लीहून न्यूयॉर्कला पंधरा तास उडून आलेलं बोइंग ७७७, ३७० प्रवासी. खाली दाट ढग, आणि धावपट्टीची वाट दाखवणारी यंत्रणा बंद. दुसरं विमान जवळ आलं तर इशारा देणारी यंत्रणाही बंद. इंधन कमी. कॅप्टन रुस्तम पालिया आणि सुशांत सिंग यांनी रेडिओवर एकेक करून सांगितलं, काय बंद आहे, काय चालू आहे, इंधन किती कमी आहे. खालच्या नियंत्रकानेही तितकेच स्पष्ट प्रश्न विचारले. शेवटी शेजारच्या नेवार्क विमानतळावर ढग जरा वर होते, तिथे विमान सुखरूप उतरलं.

ते वैमानिक त्या वेळी मनातून घाबरले नसतील असं मी म्हणणार नाही. छाती सगळ्यांचीच धडधडते. पण धडधडत्या छातीने काय बोलायचं हे त्यांनी सिम्युलेटरमध्ये घोकून घेतलेलं असतं. आणि ती पद्धत अशा माणसांच्या जिवावर तयार झालीय, ज्यांना ती कुणी शिकवलीच नव्हती. म्हणून कुकर, विरमाणी आणि फारिया यांच्याविषयी बोलताना मी आवाज खाली ठेवतो.

परत माझ्या पिकअपमध्ये येऊ. अण्णांनी त्या रात्री मला "शांत हो" असं सांगितलं नव्हतं. त्यांना रस्ता दिसत नव्हता. माझ्या खिडकीतून पट्टी दिसत होती. त्यांनी किंकाळी मारणाऱ्या पोराला एक काम दिलं: बघ आणि सांग. मी सांगायला लागलो आणि मला कळायच्या आत माझं ओरडणं थांबलं होतं.

परवा अण्णांना हे सगळं ऐकवलं. ते म्हणाले, "आरं, मला दिसतच नव्हतं. तुला विचारणार नाय तर कुणाला?"

तर मंडळी, तुमच्या घरात, हॉस्टेलवर, कामाच्या जागी असं कधी झालं असेल, की खरी गोष्ट तुम्हाला दिसत होती पण तोंड उघडलं नाही, किंवा उघडलं आणि कुणी ऐकलं नाही, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यावर बोलू. तोपर्यंत गाडी जपून चालवा, आणि निघायच्या आधी हेडलाइट बघून घ्या!