हुमनाबादच्या वाटेवरची गळती

१ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद आणि शेजारचा गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात. सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, हैदराबाद हा रस्ता मात्र अखंड राहिला. जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज ट्रकांचे दिवसही १९५४ पासून सुरू झाले होते.

आडवाटेला गिअरबॉक्स गळू लागला, तर नवे ऑईल सील आणायचे कुठून? मग ड्रेन नटाला सुती दोरा गुंडाळून त्यावर लाख लावायची, पॅकिंग फाटले असेल तर जाड पुठ्ठ्याचे कापून बसवायचे आणि थांब्याथांब्यावर पातळी पाहून ऑईल भरायचे. फाटलेल्या सीलपुढे मात्र दोऱ्याचे काही चालत नाही.

खरा चोर पुष्कळदा वरचा ब्रीदर असतो. तो धुळीचिखलाने बुजला की आतल्या तापलेल्या हवेचा दाब वाढतो आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर येते. तारेने तो मोकळा करायला पैसाही पडत नाही. पण तिकडे पाहतो कोण!

ऑईल आटले की बेअरिंगे जळतात, गिअरचे दात झिजतात, आणि दोन पैशांच्या दोऱ्यावर विसंबलेल्या मालकाला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. हुमनाबादला बांधलेला दोरा फार तर उमरग्याच्या मिस्त्रीपर्यंत पोचण्यासाठी. त्याच्याशी कानडीत बोला की मराठीत, ‘पॅकिंग’ दोन्हीकडे पॅकिंगच.