देवळाच्या पटांगणांतील पडदा

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त उन्हाळ्यांतील एका सायंकाळीं देवळापुढील पटांगणांत जुना मूकपट दाखवावा व त्यास प्रत्यक्ष वाद्यांची साथ द्यावी, अशी सूचना पुढें आली तेव्हां कांहीं वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळास आंठ्या पडल्या. देवाच्या घरापुढें सिनेमा कशाला, असा त्यांचा प्रश्न. तो गैरवाजवी नाहीं. परंतु या कलेशीं आपला संबंध किती जुना आहे हें ज्यांस ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं हा अल्प लेख.

मुंबईंत चलच्चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजीं वॉटसन हॉटेलांत झाला. दिवस पावसाळ्याचे, तेव्हां तो छपराखालीं होणें प्राप्तच होतें. पुढें हें नवल सामान्य जनांपर्यंत नेलें तें तंबूवाल्यांनीं. पावसाळा सरला कीं गांवोगांवच्या मैदानांत त्यांचे तंबू उभे राहत. अब्दुलअली यूसुफअली हे त्यांतील ठळक गृहस्थ. १९०१ पासून ते पूर्वेकडील देशांत फिरले व १९०८ पासून हिंदुस्थानांत. त्यांचा तंबू शंभर फूट लांब, पन्नास फूट रुंद. आंत सुमारें एक हजार माणसें बसत.

याच काळांत गिरगांवांतील एका चित्रगृहांत प्रभु येशू ख्रिस्ताच्या चरित्राचा पट लागला. साल १९१० किंवा १९११. प्रेक्षकांत त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके होते. पडद्यावर ख्रिस्तचरित्र सरकत असतां आपल्या मनश्चक्षूंपुढें राम, कृष्ण, अयोध्या व गोकुळ उभें राहिलें, असें त्यांनींच पुढें लिहून ठेविलें आहे. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, कॉरोनेशन चित्रगृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. आपल्या शुभवर्तमानाच्या चित्रांतून या देशाच्या चित्रकलेस चालना मिळाली, ही गोष्ट आपल्याच मुलांस आपण क्वचितच सांगतों.

चित्र मुकें होतें, खेळ मात्र कधींच मुका नव्हता. लहान चित्रगृहांत पेटी व तबला, तर मोठ्या चित्रगृहांत पियानो व व्हायोलिन वाजे. हीं पाश्चात्य वाद्यें वाजविणारे बहुधा गोंयकार ख्रिस्ती. गोव्याच्या चर्चशाळांत मुलांस स्वरलिपि वाचण्यास शिकवीत. मिस्सेच्या गायनासाठीं मिळालेली ती विद्या मुंबईच्या पडद्यापाशीं अंधारांत भाकरी मिळवून देऊं लागली. पडद्यावर वादळ उठलें कीं हात झपाट्यानें चालावे, मरणाचा प्रसंग आला कीं मंद व्हावे. नजर चित्रावर, बोटें तारांवर.

१४ मार्च १९३१ रोजीं मॅजेस्टिकमध्यें ‘आलम आरा’ हा पहिला हिंदी बोलपट लागला. मॅजेस्टिकच्या मालकांत तेच तंबूवाले अब्दुलअली होते! चित्र बोलूं लागलें आणि पडद्यापुढील वादक बेकार झाले. कोणी हॉटेलांच्या बँडांत गेले, कोणी कालांतरानें चित्रसंस्थांच्या वाद्यवृंदांत शिरले. तेथें त्यांच्या स्वरलेखनावर शेंकडों गीतें उभीं राहिलीं, परंतु नामावलींत त्यांचें नांव बहुधा आलें नाहीं. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे चर्चच्या गायनगुरूंचे पुत्र. राहुलदेव बर्मन व प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९५८ सालीं त्यांनीं सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकांत, उघड्या आकाशाखालीं, मोठा वाद्यमेळ उभा केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यांत गायिले. तरीही सर्वसामान्यांस त्यांचें नांव ठाऊक झालें तें १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील गाण्यामुळें, आणि तेंही एक गंमतीचें नांव म्हणून. प्यारेलालनीं गुरूस वाहिलेलें तें फूल होतें, हें फार थोड्यांस कळलें.

राहिली वडीलधाऱ्यांची शंका. पोप अकरावे पायस यांनीं २९ जून १९३६ च्या परिपत्रकांत वाईट चित्रांविषयीं कडक इशारा दिला, परंतु चांगल्या चित्रांचा उपकारक प्रभावही मान्य केला. तेव्हां पडदा देवळाच्या दारासमोर न लावतां शाळेच्या भिंतीकडे लावावा, म्हणजे कोणाचेंच मन दुखावणार नाहीं. आणि कार्यक्रमपत्रिकेवर चित्राच्या नांवाखालीं वादकांचीं नांवें छापावीं. व्हायोलिन वाजविणाऱ्यापासून तबल्यावर बसणाऱ्या पोरापर्यंत, सगळ्यांचीं.