तात्पुरता मनाई हुकूम
(अंतरिम व्यादेश). दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत वादविषय आहे त्या स्थितीत राहावा, या हेतूने पक्षकारास विशिष्ट कृत्य करण्यास मज्जाव करणारा दिवाणी न्यायालयाचा आदेश. त्याचा मुख्य आधार १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश ३९, नियम १ व २ हा होय.

नागपूर जिल्ह्यातील हिंगणा तालुक्यात शेजाऱ्याने धुरा कोरून उभ्या कपाशीत नांगर घातला, तर शेतकरी हिंगण्याच्या दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्या न्यायालयात दावा गुदरून सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा व शपथपत्र यांसह अर्ज देऊ शकतो. महाराष्ट्रातील वकिली परिपाठात हा अर्ज ‘निशाणी ५’ या नावानेच ओळखला जातो. प्रथमदर्शनी सबळ बाजू, सोयी-गैरसोयीचा तोल आणि पैशाने भरून न निघणारी हानी, या तिन्ही कसोट्यांवर अर्ज उतरावा लागतो.

विलंबाने हेतूच विफल होणार असेल, तर कारणे नमूद करून प्रतिपक्षास नोटिशीवाचून हुकूम देता येतो. मात्र तसा अर्ज ३० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायालयाने करावयाचा असतो. हुकूम मोडणाऱ्याची मालमत्ता जप्त होऊ शकते, तसेच त्यास ३ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. या आदेशाविरुद्ध नागपूरच्या जिल्हा न्यायालयात अपील चालते.

हा हुकूम मालकीचा निवाडा नव्हे. परंतु उभे पीक निकालाची वाट पाहत थांबत नाही, हे जाणून कायद्याने दुर्बळास दिलेले ते मोलाचे संरक्षण आहे.