कोल्हापूरच्या डोंगरात फुकट तंबू कुठे लावता येतो?

मॅपवर हिरवं दिसलं म्हणजे जागा मोकळी, असं नसतं. 351 चौरस किलोमीटरच्या राधानगरी अभयारण्यात (दाजीपूर त्यातच येतं) वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार परवानगीशिवाय प्रवेशच नाही. मुक्काम तर दूरच. शिवाय हे गव्यांचं रान. राखीव वनात विनापरवाना आग पेटवणं हाही गुन्हा आहे.

फुकट मुक्कामाची खरी सोय वाड्यांवर होते. पन्हाळा-पावनखिंड मोहिमेतले ट्रेकर करपेवाडीसारख्या वस्तीवर रात्र काढतात. देवळाच्या किंवा शाळेच्या आवारासाठी सरपंच किंवा पोलीस पाटलांना आधी विचारावं, शेतासाठी मालकाला. जेवण गावातच पैसे देऊन घ्यावं. पावसाळ्यात मात्र तंबूपेक्षा ओसरीच बरी. पठारावरचा वारा तंबू टिकू देत नाही.